न घेतलेली दोन इंजेक्शनं

अहो,

तुम्हाला नावानं कधी हाक मारली नाही, पत्रातही जमत नाही. उद्या सकाळी भाऊजींना इंजेक्शनसाठी नगरला न्यायचंय, म्हणून आज लिहायला बसले. तुमच्या धाकट्या भावालाही तुमचंच दुखणं निघालंय. प्रोस्टेटचा कॅन्सर.

ते जायला तयार नाहीत. दुपारी ओट्यावर बसून म्हणाले, "वहिनी, दादानं समदी इंजेक्शनं घेतली ना? मग काय झालं त्याचं? मी न्हाई घेत." जाऊबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी खाली मान घालून तांदूळ निवडत राहिले.

सगळी कुठं घेतलीत हो तुम्ही?

दर तीन महिन्यांनी पोटात सुई. पुरुषाच्या ज्या हार्मोनवर हा कॅन्सर वाढतो, तोच ती बंद करते, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. रिपोर्टही सुधारला. पण अंगातून वाफा निघायला लागल्या, भर थंडीत तुम्ही पंख्याखाली! माझी पाळी जाताना मला हसला होतात, आठवतं? मी नाही हसले. ओला पंचा आणून दिला.

मग छाती बाईसारखी भरायला लागली. विहिरीच्या मोटारीवर तुम्ही अंघोळ करत होतात, तेव्हा भाऊजी चारचौघांत म्हणाले, "दादा, वहिनीचं झंपर आणू का?" सगळे हसले, तुम्हीही. त्या दिवसापासून तुम्ही अंगातल्या सदऱ्यासकट अंघोळ करायला लागलात.

पुढच्या तारखेला नगरहून आलात, तर पोटावर सुईच्या जागी लावतात ती चिकटपट्टी नव्हती. मी ओळखलं. तुम्ही देव्हाऱ्यातला खंडोबाचा भंडारा माझ्या तळहातावर ठेवलात. "शपथ घे. कुणाला बोलायचं नाही." अशा दोन तारखा गेल्या. मग दुखणं हाडात उतरून मणका दुखायला लागला, तेव्हा इंजेक्शनं चुकवल्याचं डॉक्टरांना तुम्हीच सांगितलंत. घरात कुणालाच नाही.

मी हात मागे का नाही घेतला? शपथेला भ्याले, तुमच्या जिवाला का नाही भ्याले? इंजेक्शनं घेऊन तुम्ही वाचलाच असता असं डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण आणखी काही दिवस मिळाले असते. त्याचा राग आहे तुमच्यावर, आणि माझ्यावरही.

दिवेलागणीला भंडारा देवापुढं ठेवून सांगितलं, शपथ मोडतेय, दोष मला लागू दे. उद्या गाडीत बसण्याआधी भाऊजींना खरं सांगणार आहे. का सोडली, असं ते विचारतीलच. वाफा सोसवत नव्हत्या, एवढंच सांगेन.

झंपराचं मात्र कधीच सांगणार नाही, हा शब्द देते. त्याला भंडारा लागणार नाही.

तुमची,
सुमन