छत्तीसची कंबर

तीर्थस्वरूप दादास साष्टांग नमस्कार. (पोट आडवं येत असल्यामुळे हल्ली साष्टांग जमत नाही, पण कागदावर घातलेला नमस्कार कोण तपासायला येतो, तेव्हा गोड मानून घे. 'गोड' हा शब्द आमच्या घरात सध्या मोठ्यानं म्हणायची सोय नाही, म्हणून इथे लिहून हौस भागवली.)

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तू आणि वहिनी कसे आहात? तुला तहान फार लागते का? पायाच्या बोटांना मुंग्या येतात का? परवा फोनवर बोलताना तू दोनदा जांभई दिलीस, ती नुसती झोपेचीच होती ना? आपलं सहज विचारतो. घाबरण्यासारखं काही नाही. मी घाबरलोय, तो भाग वेगळा. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू हसतोस, मग मलाही हसू येतं आणि मुद्दा राहून जातो.

झालं असं, की गेल्या महिन्यात सुईत दोरा जाईना. आधी वाटलं सुई खराब, मग वाटलं दोरा खराब, मग दुकानातला दिवा बदलला. शेवटी समोरच्या दवाखान्यात गेलो. तिथली डॉक्टर तरुण मुलगी आहे, तिचे पांढरे कोट मीच शिवतो, त्यामुळे डोळ्यांत घालायला थेंब देईल आणि सोडून देईल अशी माझी समजूत. तिनं डोळे पाहिले, मग बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतला (जन्मभर सुई हाताळलेला माणूस मी, तरी ओरडलोच) आणि यंत्रातला आकडा पाहून यंत्रच हलवून पाहिलं. डॉक्टर यंत्र हलवायला लागला की माणूस तिथंच अर्धा होतो. मग तिनं विचारलं, "काका, कंबर किती?" मी ताठ मानेनं सांगितलं, छत्तीस. लग्नात छत्तीस, आजही छत्तीस. तिनं ड्रॉवरमधून टेप काढून माझ्याभोवती गुंडाळली आणि म्हणाली, एकोणचाळीस.

आता शिंप्याला त्याची कंबर शिकवायची म्हणजे काय! मी तिची टेप खोटी ठरवली आणि गळ्यातली माझी काढली. (हो, दवाखान्यातही मी ती गळ्यात घालूनच गेलो होतो, ती नसली की अंगावर कपडे नसल्यासारखं वाटतं.) मोजली, छत्तीस. तिनं मोजली, एकोणचाळीस. आमचे आवाज चढले, बाहेर बाकावर बसलेले पेशंट दारातून डोकावायला लागले. शेवटी तिनं दोन्ही टेपा टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या, तर माझा छत्तीसचा आकडा तिच्या एकोणचाळीसपाशी जाऊन आरामात बसला होता.

दादा, टेप सैल झाली होती. इतकी वर्षं रोज ओढून आणि इस्त्रीच्या वाफेत लोंबून ती हळूहळू वाढत गेली, आणि मीही तिच्या बरोबरीनं. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही म्हणशील, तर माप तिनंच घ्यायचं आणि कापडही तिनंच मोजायचं, त्यामुळे कपडा अंगावर बिनचूक बसायचा. खोटा होता तो फक्त आकडा, आणि आकड्यावर तर गिऱ्हाईक खूश असतं. आपले मुख्याध्यापक दरवर्षी विचारतात, "कंबर किती भरली?" मी म्हणतो, होती तीच. मग त्या आनंदात ते समोरच्या गाडीवर तळलेलं खायला उभे राहतात. आता त्यांना काय तोंड दाखवू?

डॉक्टरनं मला बसवून समजावलं. दिवसभर मशीनवर बसणं, प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर गोड चहा, अवेळी जेवण, अपुरी झोप, वर वडिलांचा आजार, हे सगळं मिळून आतल्या आत साठत जातं म्हणाली, आणि दुखत काहीच नाही, म्हणून कळत नाही. आत्ता लक्ष दिलं तर पुष्कळ सावरता येतं, म्हणून एकदा उपाशीपोटी येऊन नीट रक्त तपासून घ्या, असंही म्हणाली. मी ऐकत होतो, पण मला बाबांचा पाय दिसत होता. नवी चप्पल चावली एवढंच निमित्त, आणि ती जखम शेवटपर्यंत भरली नाही. त्यांनाही दुखत नव्हतंच.

तेव्हापासून मी सुधारलोय. चहात साखर अर्धा चमचा घेतो (चहा दुप्पट झालाय, पण ते आपोआप होतं). पहाटे चालायला जातो. पण चालताना पुढच्या माणसाचा शर्ट खांद्यात चुकलेला दिसला की माझे पाय त्याच्यामागेच वळतात. परवा अशाच एका गृहस्थाच्या मागे त्याच्या घरापर्यंत गेलो आणि त्याच्या बायकोनं पोलिसांना बोलवायची भाषा केली. पोटभर जेवू नये म्हणून मी पँटच्या कमरपट्टीत आतून एक टाचणी लावून ठेवली होती, पोट पुढे आलं की टोचावी म्हणून. ती जेवताना एकदाही टोचली नाही. मुख्याध्यापकांची छाती मोजायला वाकलो तेव्हा टोचली. मी किंचाळलो, ते स्टुलावर चढले, आणि आता गावभर झालंय की त्यांची छाती पाहून शिंपी किंचाळला.

वहिनींना नमस्कार सांग. स्वतःला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. मागच्या सुट्टीत तू आलास तेव्हा तुझी कंबर मी ह्याच टेपेनं मोजली होती. मी 'छत्तीस' म्हटल्यावर तू पोटावर थाप मारून वहिनींना सांगितलंस, "बघ, कॉलेजातली कंबर आहे, मला कशाला हवा डॉक्टर?" दादा, तो आकडा खरा नव्हता. गेले पंधरा दिवस मला जेवण जात नाही ते एवढ्यासाठी. (कोट न्यायला आलेल्या डॉक्टरला मी हे पथ्य म्हणून सांगितलंय.)

ता. क. २. वहिनींनी हे पत्र आधी फोडलं असेल तर फारच उत्तम. वहिनी, ह्याला आजच्या आज गाडीत बसवा.

ता. क. ३. ही पत्र वाचून म्हणते, भावाला एवढं शहाणपण शिकवताय, तर तुम्ही रक्त कधी देणार? खरं आहे. मी अजून गेलेलो नाही. दवाखाना समोर आहे, रोज शटर उघडताना दिसतो, आणि मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो. एकट्याच्यानं होत नाही. तू असलास की होईल. तेव्हा सकाळी पोचणारी गाडी धर, वाटेत काही खाऊ नकोस, आणि घरी न येता थेट दवाखान्यात ये. मीही उपाशीच बाकावर बसलेला असेन. आधी तुझं रक्त घेऊ दे. तू मोठा आहेस.