मीठ बंद

३ फेब्रु., सोम.
समाजमंदिरात साठीवरच्यांची तपासणी. आमच्या मागच्या खोलीतल्या भाडेकरूची आई रामकलीबाई, तिलाही सरकारी दवाखान्याची आशाताई घेऊन गेली. झाशीकडली म्हातारी. मुलगा पुसदला बसस्टँडजवळ गुपचूपची, म्हणजे पाणीपुरीची, गाडी लावतो, त्याच्याकडे येऊन वर्ष होईल आता. मीही गेले सोबत, बघायलाच. फुकट तपासतात म्हणजे काहीतरी घेतही असतील. घेतलंच. आधार मागितलं, अंगठा मागितला. कायले म्हटलं तर "ऑनलाइन लागते काकू." आशाताई म्हणजे वनिता, आमच्याच वॉर्डातली, तरी नजर ठेवलेली बरी.
बी.पी. वरचा १७०. गोळ्या दिल्या अन् एक मराठी पत्रक. म्हातारीला अक्षर येत नाही. ओट्यावर बसवून मीच वाचून दाखवलं. गोळी रोज. अर्धा तास चालणे. मीठ बंद.
"बिलकुल बंद?"
म्हटलं, बिलकुल. तिनं हात जोडले.

१२ फेब्रु., बुध. पौर्णिमा
सत्यनारायण झाला. शेजारपाजार येऊन गेला. रामकलीबाईला द्रोण धरला तर हात मागे. "नहीं बहनजी, हम नहीं लेंगे." प्रसाद नाही घेणार! सव्वा पावाचा शिरा, घरच्या तुपातला. कथेत प्रसाद टाकणारीच्या नवऱ्याची नाव बुडते, एवढं तरी ऐकलं असेल. आताच अर्धा तास बसून ऐकली.
हे म्हणाले, "पोट भरलं असन बुढीचं. तू कायले मनाले लावून घेतं?"
मला नाही पटत. आमच्या हातचं चालत नाही की कोणी कान भरले?
देवा, माझ्याकडून काही चुकलं नाही.

१४ फेब्रु., शुक्र.
वनिता मशीन घेऊन आली. १७० चा १८० झाला! मला बाजूला घेऊन म्हणे, "काकू, गोळ्या खाते काय खरंच? सून देत नसन. लक्ष ठेवा जरा. पुढच्या शुक्रवारी नाही उतरला तर यवतमाळले न्याव लागते. एखाद दिवशी अर्धांग मारलं तर?"
सून सुनीता गोड बोलते. गोड बोलणाऱ्यांचंच बघावं लागतं.

१५ फेब्रु., शनि.
कपडे वाळत घालायच्या निमित्तानं दोनदा मागे गेले. गोळी खाते. सून स्वतः पाण्याचा तांब्या देते, गिळेपर्यंत उभी राहते. मग गोळीच बनावट? पाकिटावरची तारीख वाचली, ठीक आहे. सुनीतानं बघितलं मला वाचताना.

१७ फेब्रु., सोम.
कसं लिहू.
दुपारी मागे गेले तर म्हातारी गाडीसाठी गुपचूपचं पाणी करत होती. मूठभर काळं मीठ. ओंजळ भरून चाखलं. परत मीठ, परत ओंजळ. चार वेळा. रोजचं काम तिचं ते. आमच्या घराच्या भिंतीआड, रोज.
मी ओरडलेच. "रामकलीबाई! मीठ बंद सांगितलं ना?"
"बंद ही तो है!" तीही चिडली. "पंद्रह दिन से चाय फीकी, गुड़ नहीं, शक्कर नहीं. आपके भगवान का परसाद तक नहीं छुआ. मीठा एक दाना नहीं खाया हमने!"
मीठ. मीठा.
वाचणारी मीच. दहावी पास.
देवाचा प्रसाद तिनं माझ्या सांगण्यावरून टाकला, अन् मी पाच दिवस तिला…

१८ फेब्रु., मंगळ.
वनिताला सांगितलं. आधी खो खो हसली. मग हसू थांबलं तिचं.
"काकू, वीटभट्टीवर सात-आठ बुढ्या हायेत तिकडल्याच. सगळ्याइले हेच पत्रक वाटलं मी."
"मग हिंदीत काहून नाही छापत? निदान नमक म्हणून सांगायचं होतं तोंडानं."
"वरून येते तसं वाटतो. तुम्हीच चाला ना माझ्यासंगं, समजावून सांगाले."
मला कशाला ओढते? तिची चूक झाकायला? पण माझी पण आहेच. रविवारी जाते म्हटलं.

२० फेब्रु., गुरु.
दोन दिवस सांगतेय, नमक बंद, मीठा थोडा चालेल. म्हातारी ऐकत नाही. "पहले मीठा, अब नमक. कल कहोगी पानी बंद." मी खुणा केल्या, मिठाचा डबा दाखवला, पत्रकावर बोट ठेवलं. मघाशी खिडकीतून ऐकलं, सुनेला सांगत होती, "परसाद नहीं लिया, उसी का गुस्सा है इनको. अब मीठा खिलाके ही मानेंगी."
सुनीता भांडी घासत राहिली. शनिवारी पाकीट बघताना पकडलंय तिनं मला, तिनं माझी बाजू का घ्यावी?
उद्या वनिता मशीन घेऊन येईल.
संध्याकाळी अळणी वरण केलं, वाटी घेऊन गेले. तिच्यासमोर आधी मी एक घास खाल्ला. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. गिळल्यावर म्हणाली, "रख दीजिए."
ठेवली. वर ताटली झाकली तिनं.