सही मिळणार नाही

१२ मार्च, सकाळचे सव्वासात. कोटाला बटणे लावून नुकताच उठलो.

आईसाहेबांच्या पायांवर डोके ठेवून लिहितो,

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. काल काकासाहेब आमच्या शिंप्याच्या दुकानात आले आणि सर्वांसमोर म्हणाले, "युवराज, सुई सोडा, सही करा! तुमच्या एका सहीवाचून हवेलीचा सौदा अडलाय."

मी म्हणालो, "हात वर करा, कोटाचं माप घेतो. सही मिळणार नाही."

दुकानाचे मालक तोंड फिरवून हसले. मी टेप लावून छातीचे माप वहीत लिहिले.

तुमचा गुडघा कसा आहे? काकासाहेब हवेली दाखवायला गिऱ्हाईक आणतील. तुम्ही खुर्चीवरून उठू नका.

तुमचाच हट्टी,
धाकटा

खर्च, रुपये: खोलीभाडे तीस, जेवण चाळीस, पत्राचे तिकीट एक. हवेलीच्या कर्जापोटी बँकेत भरले वीस. कर्ज बाकी चौऱ्याऐंशी हजार.