नावापुढचा शब्द

नेर,
१२ डिसेंबर २०१७

प्रिय गौरी,

सलाम. कशी आहेस? आम्ही सगळे खुशाल. एवढं लिहून हात थांबला, कारण तू कशी आहेस ते परवाच तुझ्या आईनं, काकूंनी सांगितलंय.

पत्र बघून नवल वाटेल. पण तू माझा फोन उचलत नाहीस, आणि माझाही त्या यंत्रावरचा विश्वास उडालाय. आत्ता त्याला पिठाच्या डब्यात कोंबून लिहायला बसलेय. जमीर म्हणतो, "पागल झाली का तू? पिठातून काय आयकू येते त्याले?" हसू दे नवऱ्याला.

यंदा गावात कुणाच्या तोंडावर कळा नाही. आधी फवारणीनं माणसं दवाखान्यात गेली, मग बोंडअळीनं कापूस खाल्ला. फवारणीचे पंप दुरुस्त करून करून जमीरच्या हाताची सालं निघालीत. माझ्याकडे नवे ब्लाउज कुणी शिवायला टाकत नाही, बायका जुनेच सैल करून मागतात.

तुझं शेवटचं बोलणं कानातून जात नाही. "मी फोन केला की सासऱ्यांच्या मोबाइलवर 'गौरी मिरगीवाली' असं नाव येते. तुह्याशिवाय हे कोणाले माहीत होतं?" मी अल्लाची शपथ घेतली, तू फोन ठेवलास. शपथ खरी होती गं. तुमच्या यवतमाळचे मेडिकलवाले तुझ्या सासऱ्यांच्या ओळखीचे, म्हणून सहा वर्षं तुझ्या फिटच्या गोळ्या मी इथून ब्लाउजच्या घडीत घालून पाठवल्या. जमीरलासुद्धा पत्ता लागू दिला नाही.

मग बोललं कोण? आमच्या मेडिकलवाल्याशी मी उगाच भांडून आले. पार्सल नेणाऱ्या एस्टीच्या कंडक्टरकडे डोळे बारीक करून बघायला लागले. एकदा तर काकूंवरच शंका आली. जमीर नमाजला गेला तेव्हा त्याचा फोन चाळला. माझीच मला लाज वाटते, पण चाळला.

शुक्रवारी लीलाबाई तणतणत आली. एका ब्लाउजसाठी दहादा उसवायला लावणारी माझी गिऱ्हाईक. तिनं बहिणीला फोन लावला, तर बहिणीच्या मोबाइलवर 'लीलाबाई कटकटी' असं नाव उमटलं. "सांग बरं फरहाना, मी कोणाले कटकट केली? काहून असं लिवलं असन कोणी?" ती विचारत होती आणि मी शिवणाचं मशीन थांबवलं. कारण ते नाव जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. माझ्या फोनमध्ये.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. माझ्याकडे चार गौरी आहेत. गौरी पिकोवाली, गौरी अस्तरवाली, गौरी मास्तरीण, आणि तू. तुझ्या पार्सलात गोळ्या असतात, ते चुकून दुसरीला जाऊ नये म्हणून मी तुझ्या नावापुढे तो शब्द लिहून ठेवला होता. तुझी काळजी म्हणूनच लिहिला, पण लिहिला मीच.

पोळ्यानंतर एका कंपनीचा माणूस आला होता. अ‍ॅप घ्या, रबरी हातमोजे फुकट. जमीरचे हात बघून मी घेतलं. कापसाचा भाव कळतो, फवारणीचा सल्ला मिळतो, शिवाय फोन करणाऱ्याचं नाव दिसतं, म्हणजे बोगस बियाणंवाला लगेच ओळखू येतो. तुझ्या सासऱ्यांनीही उमरखेडच्या शेतीपायी तेच घेतलंय, असं काकू म्हणाल्या. 'परवानगी द्या' असं चारपाचदा आलं, मी न वाचता दाबत गेले. तेवढ्यात त्यांनी माझ्या फोनमधली सगळी नावं उचलली आणि ते अ‍ॅप असलेल्या सगळ्यांना वाटली.

त्या माणसाला मी आठवडी बाजारात गाठलं. तो म्हणाला, "ताई, परवानगी तं तुमीच देल्ली."

"माह्यी देल्ली. तिले कोणं इचारलं?"

तो मोजे मोजत राहिला. अ‍ॅप काढून टाकलं, तुझं नाव बदललं, तरी त्यांच्याकडचं पुसलं जात नाही म्हणे.

काकू सांगत होत्या, येत्या रविवारी सासरे तुला कायमचं माहेरी आणून सोडणार, आणि अनिमेष नवरा असून खाली मान घालून बसतो. ऐकून मला जेवण गेलं नाही. मग डोक्यात एक आलं. तुझ्या सासऱ्यांना सांगावं, मिरगी मला आहे, गोळ्या माझ्या, नाव लिहिताना माझा घोळ झाला. खोटं मी किती बेमालूम बोलते ते तुला शाळेपासून ठाऊक आहे. त्यांना फोन लावलाही. एक रिंग गेली आणि मीच कापला.

कारण तुझ्या दुखण्याचं काय करायचं ते मी पुन्हा तुला न विचारताच ठरवत होते. तुला ते आता लपवायचं आहे का? सहा वर्षं लपवून तू थकली तर नाहीस? एवढ्या वर्षांत हे मी एकदाही विचारलं नाही, नुसत्या गोळ्या पाठवत राहिले.

म्हणून विचारते. खोटं बोलू म्हणशील तर बोलेन. अनिमेषला आणि सासऱ्यांना खरं सांगायचं असेल, तर शनिवारच्या पहिल्या एस्टीनं येऊन तुझ्या बाजूला बसेन. हे पत्र आणणाऱ्या कंडक्टरजवळच दोन ओळी दे. माझं तोंडही बघायचं नसेल तर कोरा कागद दे, मी समजेन. कागद येईपर्यंत तुझ्याबद्दल एक अक्षरही कुणाशी बोलणार नाही.

तुला पहिल्यांदाच विचारणारी,
फरहाना