आठ किल्ल्या

३ मार्च १९५६
पोचलो बाई एकदाचे! सहासष्ट नंबरच्या हमरस्त्यावरचं हे आठ खोल्यांचं मोटेल, आणि आजपासून त्याची मॅनेजर मी, व्हर्ना टॅकेट. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच हक्काचं छप्पर मिळालं. सहा वर्षांच्या लुएलाला काय, आठही खोल्यांतल्या पलंगांवर उड्या मारून झाल्या! मालकीण ओडाबाई तोंडाने फटकळ, पण मक्याचा पाव असा करतात की दोन घास जास्तच जातात.

५ मार्च
ओडाबाईंनी इथली रीत सांगितली. चादरी ताणून घालायच्या, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं, आणि कुणी काळं कुटुंब आलं तर खोल्या भरल्यात म्हणायचं. मी मान डोलावली. या रस्त्यावर सगळीकडे हेच चालतं, मी एकटी काय करणार?

८ मार्च
दुपारी चारला एक जुनी निळी गाडी थांबली. काळा माणूस, हॅट हातात धरून आत आला. पोरीला ताप आहे, एका रात्रीपुरती जागा द्या, जमिनीवर झोपू, म्हणाला. मी म्हटलं, भरलंय. माझ्या पाठीमागे आठही किल्ल्या लटकत होत्या. त्याने त्या पाहिल्या, माझे आभार मानले आणि गेला. आभार! मेली, जीभ कशी रेटली माझी!

९ मार्च
चार वाजता पुन्हा तोच. पुन्हा मी भरलंय म्हटलं. शेजारी शेंगा सोलत बसलेल्या ओडाबाई हसायला लागल्या, भिंतीशी बोलतेस की काय म्हणाल्या. त्यांना कुणी दिसलंच नव्हतं. मी गाडीचा रंग सांगितला, तशा शेंगा खाली सांडल्या. मोटेल बांधून सात वर्षं झाली होती तेव्हा, १९३८ साली, त्यांनीच या कुटुंबाला परत पाठवलं. काळ्यांना टेकायला जागा मिळेल असं गाव इथून दीडशे मैल. वाटेत बापाचा गाडी चालवताना डोळा लागला. आई, बाप, पोर, तिघंही गेली. आजवर कुणापाशी बोलले नाही गं, म्हणत म्हातारी ढसाढसा रडली.

११ मार्च
ओडाबाई मला न सांगताच, नुसती चिठ्ठी ठेवून बहिणीकडे निघून गेल्या. लुएलाचं अंग तापलंय.

१२ मार्च
धुळीचं वादळ. टेलिफोन बंद. डॉक्टर चाळीस मैलांवर, माझ्याकडे गाडी नाही. लुएला मला ओळखत नाही —

१३ मार्च
चार वाजता ते आले. मी धावत गेले, आठही किल्ल्या त्याच्या हातात कोंबल्या, माफ करा म्हटलं. त्याने हळूच परत दिल्या. आता खोली नको, म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं! त्याची बायको काच खाली करून म्हणाली, आजारी लेकराला घेऊन एकटी कशाला बसतेस, बाई, आम्ही पुढेच चाललोय —

मागे त्यांची मुलगी सरकून बसली. आमच्यासाठी जागा केली.

गाडीत लिहितेय. बाहेर नुसती धूळ. लुएला मांडीवर. कपाळ गार लागतंय. ताप उतरला, असं ती बाई म्हणते. उतरला असेल. उतरलाच —

त्यांच्या मुलीने हाक मारली. लुएला उठली. तिच्याशेजारी जाऊन बसली, हसतेय.

मग माझ्या मांडीवर हे जड काय —