पाण्याचा पदर

बोईसर
१२ फेब्रुवारी २०२५

चि. रूपाली,

आशीर्वाद. तू पास केलेली आणि मी नाकारलेली, पंपातलं पाणी अडवणाऱ्या सीलची रिंग काल चाचणीच्या पंपावर टिकली, म्हणून लिहिते आहे. नाहीतर तू रागाने सफाळ्याला निघून गेल्यावर आधी पत्र लिहिणारी मी नव्हे. ताईचा गुडघा कसा आहे?

तपासणीची काच रिंगवर ठेवल्यावर उजेडाचे पट्टे वाकडे दिसले की रिंग सपाट नाही, हे मीच तुला शिकवलं. मला ते वाकडे दिसले. "हातात धरून ऊब दिलीस, म्हणून वाकली. डोळे घरी ठेवून आलीस का?" असं मी कारखान्यात सगळ्यांसमोर बोलले. "मावशी, कापडावर निववून मगच बघितली," तू म्हणालीस. मी लाल चिठ्ठी लावली.

तुझी चूक दाखवायची म्हणूनच फिटर पंढरीला तीच रिंग बसवायला सांगितली. पंप सुरू झाला. अणुभट्टीतल्यासारखंच तापलेलं, दाबाखालचं पाणी एका बाजूला, आपण दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये दोन रिंगा. त्याही एकमेकींना टेकत नाहीत. मध्ये पाण्याचाच पदर, केसाहून कितीतरी पातळ. इतकी वर्षं हे शिकवते आहे, पण काल हात जोडावेसे वाटले. चालतात तेवढ्या थेंबांपलीकडे काही गळलं नाही.

मग वीज तोडली. वीज गेली तरी भट्टीतलं पाणी फिरत राहावं, म्हणून पंपावरचं जड चाक त्याला फिरवत ठेवतं. आवाज हळूहळू उतरत गेला. सील तसंच शांत. पंढरी म्हणाला, "बाय, यो पंप तुमच्यासारका हाय. करंट गेला तरी थांबाचं नाव नाय."

मी हसले नाही. खिडकीकडे पाहत होते. गज वाकडे दिसत होते. डावा डोळा झाकला तर वाकडे. उजवा झाकला तर सरळ.

आज सकाळी पालघरला दाखवून आले. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं आहे. काचेचं काम बंद.

सगळ्यांसमोर बोलले होते, सगळ्यांसमोरच सांगितलं: रिंग सपाट होती. लाल चिठ्ठी काढली आहे. हिरवीवर सही लागते, आणि माझी आता चालायची नाही. सोमवारी ये.

तुझ्या सहीची वाट पाहणारी,
विजयामावशी

पंढरी एडवणला जाताना सफाळ्याला उतरतो, त्याच्याबरोबर दिलं: तपासणीची काच, मखमलीसकट. कपाटाची किल्ली. कोरी हिरवी चिठ्ठी. काचेला त्याच्या हाताची ऊब लागली असेल. थोडी निवू दे, मग बघ.