फरशीवरचं वायफाय

सोमवार, ४

सासूबाईंनी जाहीर केलं — एक तर वायफायचा तो डबा या घरात राहील, नाही तर त्या! लहरींनी डोकं ठणकतं म्हणे. रविवारी लेकीकडे जाणार, कायमच्या. नवऱ्याने पेपर वर धरला आणि त्यामागे दिसेनासा झाला. डबा काढला तर माझं काम बंद. सकाळी नऊला खोलीचं दार लावून बसते ती सहाला उठते. पुस्तकांची मुखपृष्ठं काय पोस्टाने पाठवू?

वहीशी खोटं कशाला बोलू — क्षणभर वाटलं, जाऊ देत! मग दिवसभर चैन पडेना.

मंगळवार, ५

सुचलं! दिसत नाही म्हणून त्यांना धास्ती. मग दाखवूच की! फोनवर लहरींचा जोर मोजणारं अ‍ॅप घेतलं. रंगीत कागदाच्या दोनशे चकत्या कापल्या. जोर जास्त तिथे लाल, मग नारिंगी, पिवळी, आणि जोर नाहीच तिथे फिकट निळी. दर फरशीला एक. सासूबाईंना म्हटलं, आकडे तुम्ही सांगा, मला एकटीला उरकायचं नाही. कुरकुरत आल्या.

बुधवार, ६

त्या फोन धरून पुढे, मी गुडघ्यांवर मागे. "उणे बेचाळीस. उणे पंचावन्न. उणे एकोणऐंशी." जितका आकडा मोठा तितकी माझी चकती लाल. मध्येच त्यांनी माझ्या गुडघ्यांखाली उशी सरकवली. मामंजी लग्नाआधी दोनदा चुकीच्या घरी जाऊन चहा पिऊन आले होते, ती गोष्ट त्यांनी सांगितली. चौदा वर्षांत पहिल्यांदा ऐकली! हसून माझी ओळ वाकडी झाली.

गुरुवार, ७

झालं! सासूबाईंची खोली डब्याला अगदी लागून, आणि ती सगळी फिकट निळी. सगळ्यात लालभडक जागा नवऱ्याच्या खुर्चीखाली, पार घराच्या त्या टोकाला. (तिथून त्याला उठवताना फार मजा आली.)

डब्याजवळच निळं कसं, त्याने विचारलं. मी ठणकावलं, कारंज्याचं पाणी मुळाशी पडतं का? लांबच पडतं ना! सासूबाई म्हणाल्या, बरोबर बोलते ती. नवऱ्याने पुन्हा पेपर वर धरला.

शुक्रवार, ८

सासूबाईंचं डोकं ठणकायचं थांबलं! लेकीला फोन करून रविवारचं रद्द केलं. शेजारच्या दोघींना बोलावून सगळं घर फिरवून दाखवलं — ही आमच्या सुनेची करामत. मी उगाच पाणी प्यायला आत गेले.

शनिवार, ९

मेले! फोटो धाकट्या दिराला पाठवले होते. तो वायरलेसच्याच कामात आहे. फोनवर हसून हसून त्याला बोलता येईना. आकडे उण्यातले! उणे चाळीस म्हणजे भरपूर जोर, उणे ऐंशी म्हणजे नावापुरता. मी अख्खं घर उलटं रंगवलंय. सासूबाईंचा पलंग लहरींच्या ऐन माऱ्यात, आणि त्या तिथेच दुपारच्या घोरताहेत.

सांगितलं तर पुन्हा बॅग भरतील. आणि आता मला त्या जायला नको आहेत, अजिबात नको! दिराला शपथ घातली.

रविवार, १०

पोटात राहीना. सांगून टाकलं. सासूबाई चकत्यांच्या कडेकडेने फडकं फिरवत होत्या, ते थांबलंसुद्धा नाही.

"उणे आकडे वाचण्यात माझी बावीस वर्षं शीतगृहात गेली. पहिल्याच फरशीला कळलं होतं मला."

मी म्हटलं, आई, मग बोलला का नाहीत?

"बोलले असते तर तू उठून दार लावून बसली असतीस."